पैशांवरून घर सोडलं, ३६व्या वर्षी परत आला: ड्वेन वेडच्या घरवापसीची गोष्ट

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मायामी शहरातल्या एका पुतळ्याचे फोटो जगभर फिरले. पुतळा होता बास्केटबॉलपटू ड्वेन वेडचा, पण चेहरा त्याच्याशी जुळतच नव्हता. मग काय, सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला. बास्केटबॉलशी काही देणंघेणं नसलेल्यांनीही तो पुतळा फॉरवर्ड केला.

थट्टेच्या त्या गर्दीत एक प्रश्न मात्र मागे राहिला. वेडने ३४व्या वर्षी पैशांच्या वादावरून हा संघ सोडला होता. त्याने दुसऱ्या दोन संघांची जर्सी घातली होती. मग 'मायामी हीट' या संघाने आपल्या इतिहासातला पहिला पुतळा त्याचाच का उभारला?

या प्रश्नाचं उत्तर त्याच्या परत येण्यात आहे.

थोडक्यात घटनाक्रम

- २००३: ड्राफ्टमधून वेड मायामी हीटमध्ये
- २००६, २०१२, २०१३: मायामीसोबत ३ विजेतेपदं
- जुलै २०१६: मायामी सोडून शिकागो बुल्समध्ये
- सप्टेंबर २०१७: क्लीव्हलँड कॅव्हेलियर्समध्ये
- ८ फेब्रुवारी २०१८: पुन्हा मायामीत
- १० एप्रिल २०१९: शेवटचा सामना
- २०२०: ३ नंबरची जर्सी निवृत्त
- २०२४: पुतळ्याचं अनावरण

ड्वेन वेड आहे तरी कोण?

वेडचा जन्म १७ जानेवारी १९८२ रोजी शिकागोत झाला. बालपण हलाखीचं. आई अमली पदार्थांच्या व्यसनात अडकली होती, तिला तुरुंगातही जावं लागलं. मोठ्या बहिणीने लहानग्या ड्वेनला त्या वातावरणातून काढून वडिलांकडे नेऊन सोडलं. पुढे आई व्यसनातून बाहेर पडली आणि धर्मोपदेशक झाली, पण तोवर बरीच वर्षं गेली होती.

मार्केट विद्यापीठाकडून खेळताना वेड देशभर गाजला आणि २००३च्या ड्राफ्टमध्ये मायामी हीटने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची निवडप्रक्रिया. यात संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू घेतात. खेळाडूला कुठे जायचं याचा पर्याय नसतो. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर लेब्रॉन जेम्सचं नाव होतं, यावरून त्या वर्षाचा दर्जा कळतो.

तीनच वर्षांत वेडने मायामीला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. २००६च्या अंतिम मालिकेत डॅलस मॅव्हरिक्सने पहिले दोन्ही सामने जिंकले होते. तिसऱ्या सामन्यातही चौथ्या क्वार्टरमध्ये मायामी १३ गुणांनी मागे होता. वेडने त्या सामन्यात ४२ गुण केले आणि मायामीने तो ९८-९६ असा खेचून आणला. पुढचे तीनही सामने जिंकून हीटने मालिका ४-२ अशी खिशात घातली. वेडची मालिकेतली सरासरी होती ३४.७ गुण. अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

२०१०मध्ये लेब्रॉन जेम्स आणि क्रिस बॉश मायामीत आले. या तिघांनी सलग चार वर्षं अंतिम फेरी गाठली आणि २०१२ व २०१३ मध्ये विजेतेपद मिळवलं. पण ही तिकडी एकत्र राहावी म्हणून वेडने आपल्या करारात दोन्ही सहकाऱ्यांपेक्षा थोडे कमी पैसे घेतले होते. शहर त्याचं होतं, संघ त्याचा होता, तरी सगळ्यात जास्त पगार त्याचा नव्हता. पुढच्या वादाचं बीज इथेच आहे.

मग त्याने मायामी का सोडलं?

हे समजण्यासाठी एनबीएमधलं पैशाचं गणित थोडं समजून घ्यावं लागतं.

एनबीएमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला 'सॅलरी कॅप' नावाची मर्यादा असते. म्हणजे संघाचा मालक कितीही श्रीमंत असला, तरी त्याला हवे तितके महागडे खेळाडू विकत घेता येत नाहीत. एकाला जास्त दिलं की दुसऱ्यासाठी कमी उरतं. त्यामुळे बड्या खेळाडूने कमी पैसे घेतले, तर ते पैसे वाचत नाहीत, ते संघ मजबूत करायला वापरले जातात.

२०१४मध्येही वेडने तेच केलं. संघाला मोकळीक मिळावी म्हणून त्याने आपल्या करारातली उरलेली दोन वर्षं सोडून दिली. त्यांची किंमत होती ४ कोटी डॉलरहून अधिक. पण त्याच उन्हाळ्यात लेब्रॉन क्लीव्हलँडला परत गेला आणि त्या त्यागाचा फारसा उपयोग झाला नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात परिस्थिती बदलली. टीव्ही प्रक्षेपणाच्या नव्या करारामुळे सॅलरी कॅप ७ कोटी डॉलरवरून थेट ९ कोटी ४० लाखांच्या वर गेली. सगळ्या लीगमध्ये पैशांचा महापूर आला. मायामीने तरुण सेंटर हसन व्हाइटसाइडशी ४ वर्षांचा ९ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. केव्हिन ड्युरंटला आणण्यासाठीही जोर लावला. वेडशी मात्र बोलणी रेंगाळत राहिली.

आजवर संघासाठी पैसे सोडले, आता तरी संघाने आपली कदर करावी, असं वेडला वाटत होतं. संघाचे अध्यक्ष पॅट रायली यांचा हिशोब वेगळा होता. चौतिशीतल्या, गुडघ्यांच्या दुखण्याने त्रस्त खेळाडूवर मोठी रक्कम लावायची की भविष्याचा विचार करायचा? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि म्हणूनच तोडगा निघाला नाही.

शेवटी शिकागो बुल्सने वेडला २ वर्षांसाठी सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर देऊ केले. तो जन्मगावी निघून गेला. मायामीच्या प्रस्तावात आणि या रकमेत फार मोठी दरी नव्हती. त्यामुळे चाहत्यांना हा प्रकार जास्तच लागला. आपण स्वतः चर्चेत उतरायला हवं होतं, अशी खंत रायली यांनी पुढे जाहीरपणे व्यक्त केली.

बाहेरची दोन वर्षं कशी गेली?

शिकागोत वेडने पहिल्या मोसमात सरासरी १८.३ गुण केले. आकडा वाईट नव्हता, पण संघाची कामगिरी ४१ विजय आणि ४१ पराभव अशी होती. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बॉस्टनने त्यांना घरी पाठवलं. नंतर बुल्सने आपला मुख्य खेळाडू जिमी बटलर दुसऱ्या संघाला दिला आणि नवी तरुण फळी उभारायचं ठरवलं. अशा संघात ३५ वर्षांच्या वेडचं काम उरलं नव्हतं.

मग झाला 'बायआउट'. बायआउट म्हणजे खेळाडू आणि संघ दोघांच्या संमतीने करार मोडणं. खेळाडू ठरलेल्या पगारातले काही पैसे सोडतो आणि त्या बदल्यात मोकळा होतो. वेडचा त्या वर्षीचा पगार सुमारे २ कोटी ३८ लाख डॉलर होता. त्यातले ८० लाखांच्या आसपास सोडून तो बाहेर पडला आणि जवळचा मित्र लेब्रॉन खेळत असलेल्या क्लीव्हलँडमध्ये केवळ २३ लाख डॉलरवर दाखल झाला. ज्या पैशांवरून मायामी सुटलं होतं, ते पैसे आता मुद्दाच राहिले नव्हते.

क्लीव्हलँडमध्येही जम बसला नाही. वेड बहुतेक सामन्यांत राखीव फळीतून यायचा. ४६ सामन्यांत त्याची सरासरी ११.२ गुणांवर घसरली. संघातही धुसफूस सुरू होती.

तुटलेला धागा पुन्हा कसा जुळला?

जानेवारी २०१८मध्ये वेडचे अनेक वर्षांचे एजंट हेन्री थॉमस यांचं दीर्घ आजाराने निधन झालं. वेडच्या कारकिर्दीतला प्रत्येक मोठा निर्णय त्यांच्या सल्ल्याने झाला होता. ते केवळ एजंट राहिले नव्हते, वडीलधारे झाले होते.

त्यांच्या अंत्यविधीला वेड आला आणि पॅट रायलीही आले. दीड वर्षाचा अबोला तिथे संपला. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. आपल्याकडेही भावाभावांतली भांडणं कधी कधी अशाच वेळी मिटतात. माणूस गेल्यावर हिशोब लहान वाटू लागतात.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच एनबीएची खेळाडू अदलाबदलीची अंतिम मुदत आली. ८ फेब्रुवारी २०१८ हा तो दिवस. क्लीव्हलँडने त्या एका दिवसात निम्मा संघ बदलून टाकला. वेडबाबत मात्र त्यांनी त्याच्या मनाचा विचार केला आणि त्याला मायामीला दिलं.

बदल्यात क्लीव्हलँडला काय मिळालं?

जवळपास काहीच नाही. २०२४च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीचा एक पिक, तोही भरपूर अटी घातलेला.

'पिक' म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचा हक्क. पैशांसारखाच त्याचाही व्यवहार होतो. अट घातलेला पिक म्हणजे तो ठरावीक क्रमांकांच्या पट्ट्यात आला तरच पुढच्या संघाला मिळणार, नाहीतर नाही. नियमाप्रमाणे ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावं लागतं, म्हणून कागदावर काहीतरी दिलं गेलं. तीन वेळचा विजेता खेळाडू सहा वर्षांनंतरच्या, कदाचित कधीच न मिळणाऱ्या एका पिकवर घरी गेला. एका माणसाला सन्मानाने घरी पाठवण्यासाठी केलेला हा कागदोपत्री सोपस्कार होता.

मायामीलाही तो हवा होता, यात व्यवहार होताच. त्यांचा गार्ड डायन वेटर्स घोट्याच्या शस्त्रक्रियेमुळे मोसमाबाहेर गेला होता. संघात जागा होती आणि वेडचा पगार आता किमान पातळीवर होता. सॅलरी कॅपला धक्का न लावता अनुभवी गार्ड मिळत असेल, तर नाही कोण म्हणेल?

परतल्यावर पहिल्या सामन्यात काय झालं?

९ फेब्रुवारी २०१८. मायामीत मिलवॉकी बक्सविरुद्ध सामना. वेड सुरुवातीच्या पाचांत नव्हता. तो राखीव फळीतून उठून मैदानात उतरला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं.

त्या रात्री त्याने किती गुण केले? फक्त ३.

पण हीटने सामना ९१-८५ असा जिंकला आणि लागोपाठच्या पराभवांची मालिका तुटली. परतलेल्या खेळाडूकडून लोकांना नेमकं काय हवं असतं, हे त्या रात्री दिसलं. २००६चा वेड परत येणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरीही लोक उभे राहिले.

पार्कलंडची घटना आणि ती जर्सी

वेड परतल्यानंतर सहाच दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, मायामीच्या उत्तरेला असलेल्या पार्कलंड गावातल्या शाळेत एका माथेफिरूने गोळीबार केला. १७ जणांचा जीव गेला.

त्यांतला एक १७ वर्षांचा मुलगा वेडचा निस्सीम चाहता होता. आपला लाडका खेळाडू परत आल्याचा त्याला केवढा आनंद झाला होता. त्याच्या आईवडिलांनी त्याला वेडच्या जर्सीतच दफन केलं.

वेडला हे कळलं तेव्हा तो हादरला. त्याने उरलेला मोसम त्या मुलाला अर्पण केला आणि त्याचं नाव आपल्या बुटांवर लिहिलं. २७ फेब्रुवारीला फिलाडेल्फियाविरुद्धच्या सामन्यात त्याने २७ गुण केले आणि शेवटच्या काही सेकंदांत विजयी बास्केटही त्यानेच केली. निकाल १०२-१०१. त्यानंतर तो कसलाही गाजावाजा न करता त्या शाळेत गेला आणि मुलांना भेटला.

तो क्लीव्हलँडमध्येच राहिला असता, तर हे दुःख त्याला दुरूनच कळलं असतं. आता ते त्याच्या शहराचं दुःख होतं. घरवापसीचा खरा अर्थ बहुधा इथे आहे.

शेवटचा मोसम

त्या वर्षी प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाने मायामीला ४-१ असं हरवलं. मायामीचा एकमेव विजय दुसऱ्या सामन्यात आला. त्यात राखीव फळीतून आलेल्या वेडचे २८ गुण होते.

सप्टेंबर २०१८मध्ये वेडने एका व्हिडिओतून जाहीर केलं की आणखी एकच मोसम खेळणार आणि तो फक्त मायामीसाठी. पगार पुन्हा किमान पातळीचा, सुमारे २४ लाख डॉलर.

तो मोसम म्हणजे चालताफिरता निरोप समारंभ होता. सामना संपला की प्रतिस्पर्धी संघातल्या एका खेळाडूबरोबर वेड जर्सीची अदलाबदल करायचा. याच कल्पनेवर एप्रिल २०१९मध्ये एक जाहिरात आली आणि प्रचंड पाहिली गेली. त्यात वेडला जर्सी बदलायला भेटतात ती पाच साधी माणसं, ज्यांच्या आयुष्यात त्याच्यामुळे फरक पडला. त्यांत त्याची आई होती आणि पार्कलंडमध्ये गेलेल्या त्या मुलाची बहीणही.

खेळही अगदीच संपला नव्हता. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी गतविजेत्या गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध शेवटच्या क्षणी वेडचा पहिला शॉट अडवला गेला. चेंडू पुन्हा त्याच्याच हातात आला. त्याने एका पायावर तोल सावरत तो कसाबसा फेकला आणि तीन गुण मिळाले. मायामी १२६-१२५ असा जिंकला. ३७ वर्षांचा वेड टेबलावर चढून उभा राहिला.

९ एप्रिलला घरच्या मैदानावर शेवटचा सामना. वेडचे ३० गुण, मोठा विजय. पण सामना सुरू असतानाच डेट्रॉइट जिंकल्याची बातमी आली आणि मायामी प्लेऑफच्या शर्यतीतून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी ब्रुकलिनमध्ये कारकिर्दीतला अखेरचा सामना झाला. त्यात त्याने २५ गुण, ११ रिबाउंड आणि १० असिस्ट अशी तिहेरी कामगिरी केली. मैदानालगत लेब्रॉन जेम्स, कार्मेलो अँथनी आणि क्रिस पॉल हे मित्र बसले होते. मायामी हरला, पण त्या रात्री निकालाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

जुन्या संघात परतणं नेहमीच असं असतं का?

नाही. एनबीएमध्ये अशा घरवापसीचे साधारण तीन प्रकार दिसतात.

- अधुरं काम पूर्ण करणारी: लेब्रॉन जेम्सने २०१०मध्ये क्लीव्हलँड सोडलं तेव्हा लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या. २०१४मध्ये तो परतला आणि २०१६मध्ये अंतिम मालिकेत १-३ अशा पिछाडीवरून त्याने विजेतेपद मिळवलं. क्लीव्हलँड शहराने मोठ्या खेळांतलं विजेतेपद ५२ वर्षांनी पाहिलं.
- धाकट्यांना शिकवणारी: केव्हिन गार्नेट फेब्रुवारी २०१५मध्ये मिनेसोटात परतला. सामने मोजकेच खेळला, पण तरुण संघात वडीलधारा म्हणून राहिला.
- निरोप घेणारी: ॲलन आयव्हरसन डिसेंबर २००९मध्ये फिलाडेल्फियात परतला. स्वागत जोरदार झालं, पण तो २५ सामनेच खेळू शकला.

वेडच्या परतीत दुसरा आणि तिसरा प्रकार एकत्र आला. बॅम अडेबायो त्या वेळी मायामीत नवखा होता. पुढे तो संघाचा कर्णधार झाला.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर हार्दिक पंड्याचं घ्या. २०२३च्या अखेरीस तो गुजरात टायटन्सकडून ट्रेड होऊन मुंबई इंडियन्समध्ये परतला. पण तो परतला तो रोहित शर्माच्या जागी कर्णधार म्हणून, आणि २०२४मध्ये वानखेडेवर त्याचीच हुर्यो उडवली गेली. वेडने मायामीत कुणाचीच जागा मागितली नाही. तो राखीव फळीत बसला. परत येणाऱ्याचं स्वागत कसं होतं, हे तो काय घ्यायला आलाय यावर बरंच अवलंबून असतं.

संघाला फायदा काय झाला?

विजेतेपदाच्या हिशोबाने पाहिलं, तर काहीच नाही. पहिल्या वर्षी पहिल्या फेरीत हार, दुसऱ्या वर्षी प्लेऑफही नाही. वेडची सरासरी परतल्यावर पहिल्या मोसमात १२ आणि शेवटच्या मोसमात १५ गुण होती. ऐन बहरात, २००८-०९ मध्ये, ती ३०.२ होती आणि तेव्हा तो लीगमधला सर्वाधिक सरासरीचा खेळाडू होता.

पण एका संघाची ओळख नुसत्या चषकांवर ठरत नाही. वेडने मायामीसाठी २१,५५६ गुण केले. तो तिथेच थांबला असता तर हा आकडा थोडा आणखी मोठा दिसला असता. आणि तो परतलाच नसता, तर या आकड्यासोबत कायम एक कडवटपणा राहिला असता. तो निघून गेला.

२२ फेब्रुवारी २०२० रोजी त्याची ३ नंबरची जर्सी निवृत्त झाली. म्हणजे मायामीत तो नंबर पुन्हा कुणाला मिळणार नाही. २०२३मध्ये त्याचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. मध्ये एक गंमतही झाली. २०२१मध्ये वेडने युटा जॅझ या दुसऱ्याच संघात मालकीचा वाटा घेतला आणि मायामीचे मालक मिकी अॅरिसन यांनी नाराजी बोलून दाखवली. नातं जुळलं म्हणजे रुसवेफुगवे संपतात असं नाही.

आणि तो पुतळा?

पुतळ्याच्या चेहऱ्यावर जग हसलं, पण त्याची मुद्रा फारशी कुणी पाहिली नाही. ती मार्च २००९मधल्या एका सामन्याची आहे. दुसऱ्या जादा वेळेत अखेरच्या सेकंदांत वेडने प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू हिसकावला आणि धावत जाऊन विजयी शॉट मारला. त्या रात्री त्याचे ४८ गुण झाले होते. मग टेबलावर चढून, जमिनीकडे बोट दाखवत तो प्रेक्षकांना ओरडून सांगत होता, "हे माझं घर आहे!"

त्या रात्री समोरचा संघ होता शिकागो बुल्स. सात वर्षांनी ज्यांच्यासाठी त्याने हे घर सोडलं, तेच.